एक पोते, पाच घरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महागाईची बातमी आली की घरखर्च कमी करण्याचे उपायही मागोमाग येतात. दिवे बंद करा, हॉटेल टाळा, चहात साखर कमी घाला. हे सगळे एकट्या घरापुरते असते. त्यातून महिन्याला शे-दोनशे रुपये सुटतात आणि घरातली कुरबुर तेवढी वाढते. मोठी रक्कम सुटते ती वर्षाचे धान्य, तेल आणि चटणीची (वर्षभराच्या कांदा-लसूण तिखटाची) मिरची आठ-दहा घरांनी मिळून घेतली तर. कोल्हापूरच्या पेठांना यात नवे काही नाही. पण चैत्रात हौसेने सुरू झालेली अशी खरेदी आषाढापर्यंत रुसव्याफुगव्यांत निघते आणि पुढच्या वर्षी जो तो पुन्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून पाच किलोची पिशवी आणू लागतो. ती नेमकी कुठे मोडते आणि मोडू नये म्हणून काय करावे, यासाठी हे पत्र.

घरे आठ ते बारा असावीत. ५० किलोचे पोते दहा-दहा किलोंनी पाच घरांत बरोबर जाते. घरे पंधराच्या वर गेली की वाटायला दिवस पुरत नाही आणि ‘माझ्या वाट्याला तळचे आले’ हे सुरू होते. प्रत्येक घराने आपली गरज रुपयांत न सांगता किलोत लिहून द्यावी. चपाती आणि भाकरी दोन्ही खाणाऱ्या चौघांच्या घराला महिन्याला गहू दहा किलो धरला तर वर्षाला १२० किलो होतो. ज्यांना रेशन मिळते त्यांनी ते आधी वजा करावे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हे विसरून गरज लिहिली की दिवाळीनंतर घरात दोन कोठ्या भरलेल्या आणि एकीला टोके लागलेले, अशी गत होते.

मोठे पोते घेण्याचा आणखी एक फायदा फारसा कुणी सांगत नाही. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या बंद पिशवीतल्या धान्य-डाळींवर ५ टक्के जीएसटी लागू झाला. त्याहून मोठ्या पिशवीवर तो लावला नाही. बाजारात २६ किलोची तांदळाची पिशवी एकाएकी का दिसू लागली, त्याचे उत्तर यात आहे.

आता नमुना. दोन-तीन अडत दुकानांतून अर्धा-अर्धा किलो गहू आणून दळावा आणि दोन घरांत चपात्या करून बघाव्यात. जो पसंत पडेल त्यातला मूठभर गहू पिशवीत बांधून, वर तारीख आणि भाव लिहून हिशेब ठेवणाऱ्याकडे ठेवावा. पोती आली की तोंडाजवळचा दाणा न बघता बंबू (पोत्यात खुपसून दाणा काढायची टोकदार नळी) मारून मधला दाणा काढावा आणि त्या नमुन्याशी ताडून बघावा. लक्ष्मीपुरी बाजारपेठेतले व्यापारी याला हरकत घेत नाहीत, उलट गिऱ्हाईक जाणते आहे हे ओळखतात. मात्र ही तपासणी टेम्पो उतरायच्या आधी व्हायला हवी. पोती जिन्यावरून वर गेल्यावर परत कोण नेणार?

वजनातही एक गोम आहे. ५० किलोचे रिकामे तागाचे पोते सुमारे ५८० ग्रॅम भरते. दहा पोत्यांत हे जवळपास पावणेसहा किलो होतात. बारदान वजा करून वजन धरले आहे का, हे भाव ठरवतानाच विचारावे. नंतर विचारले की वाद होतो.

वाटणीतले सगळ्यात जास्त भांडण पैशाच्या अपहारामुळे होत नाही, चुकीच्या भागाकारामुळे होते. समजा, पोते १,८०० रुपयांना पडले. टेम्पो आणि हमाली मिळून पोत्यामागे ४० रुपये. चाळणीतून खडे, काशा, फोल निघून हाती आला ४९ किलो. तर किलोचा भाव १,८०० भागिले ५० म्हणजे ३६ रुपये धरायचा नाही. १,८४० भागिले ४९, म्हणजे ३७ रुपये ५५ पैसे धरायचा. जो ३६ ने वाटतो, त्याच्याच पदराला किलोमागे दीड रुपयाची खार लागते. पुढच्या वर्षी तो पुढाकार घेत नाही आणि का घेत नाही, हे बोलूनही दाखवत नाही. निघालेला कचरासुद्धा सर्वांसमोर वजन करावा. बिलाचा आणि या भागाकाराचा फोटो त्याच संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकावा.

कधी काय घ्यावे, हेही ठरलेले आहे. शाळू (रब्बी ज्वारी) आणि तूरडाळ फेब्रुवारी-मार्चपासून, गहू चैत्र-वैशाखात. पाडव्याच्या आसपास येणारा अगदी नवा गहू ओलसर असतो. वाळल्यावर तो क्विंटलमागे दोन-अडीच किलोंनी सहज घटतो. म्हणजे स्वस्त म्हणून घेतला आणि पाण्याचे पैसे दिले. आजरा घनसाळसारखा वासाचा तांदूळ कापणीनंतर डिसेंबर-जानेवारीत घ्यावा, पण थोडाच. जुना झाला की भात मोकळा होतो खरा, पण वास उतरतो. रवा, पोहे, मैदा, शेंगदाणे ही वर्षाची खरेदी नव्हे. आपल्याकडच्या पावसात ती दोन महिने काढत नाहीत.

उन्हाचे काम मृगाच्या आधी उरकावे. गहू दोन-तीन दिवस कडक उन्हात पसरावा आणि दाताखाली दाणा कडकन फुटतो का बघावे. दबला, चेमटला तर अजून एक ऊन द्यावे. बहुतेकांचे चुकते ते यापुढे. दुपारी तापलेला गहू तसाच कोठीत भरून झाकण लावले की रात्री आतल्या वाफेचे पाणी झाकणाला धरते, वरचा थर ओला होतो आणि जाळी तिथूनच सुरू होते. गहू रात्रभर घरात गार होऊ द्यावा आणि सकाळी भरावा. कडुनिंबाचा पाला घालायचा असेल तर तो सावलीत कुरकुरीत वाळवलेला हवा, ओला पाला म्हणजे कोठीत आपण होऊन घातलेले पाणी. डाळींना आणि कडधान्यांना किलोमागे एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर तेल चोळून ठेवले तर भुंगा लागत नाही. कोठी फरशीवर टेकवू नये, खाली दोन फळ्या घालाव्यात. आणि अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरातल्या धान्यात कधीही, कुणीही सांगितले तरी ठेवू नयेत. ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू सुटतो आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसांचे त्याने जीव गेले आहेत.

तेलाचा डबा घेताना ‘१५’ हा आकडा बघून भागत नाही, पुढे किलो आहे की लिटर ते बघावे. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरते. म्हणजे १५ लिटरच्या डब्यात तेल १३ किलो ६५० ग्रॅमच असते आणि १५ किलोच्या डब्यापेक्षा एक किलो ३५० ग्रॅम कमी पडते. दोन्ही डबे लांबून सारखेच दिसतात. पिशव्यांतही तीच तऱ्हा: लिटरच्या पिशवीशेजारी ८५० ग्रॅमची पिशवी चार-पाच रुपये कमी लावून मांडलेली असते. एमआरपीजवळ दर ग्रॅम किंवा दर मिलिलिटर, मोठ्या पॅकवर दर किलो किंवा दर लिटर किंमत छापणे बंधनकारक आहे, बारीक अक्षरात का होईना ती बहुधा असते. तुलना तिची करावी, मात्र एक वजनात आणि दुसरी लिटरमध्ये असेल तर आधी दोन्ही वजनात आणून. डबा तीन घरांत वाटताना मापाने न वाटता काट्यावर पाच-पाच किलो वाटावा.

चटणीचे गणित जरा वेगळे आहे. मिरची एकत्र घ्यावी, पण कुटायला प्रत्येक घराची वेगळी द्यावी. मीठ, लसूण आणि तिखटपणा यांवर दहा घरांचे एकमत होणे कठीण, आणि चटणी हा कोल्हापुरात तडजोडीचा विषय नाही. मिरची घेताना एक कानाजवळ हलवावी. वाळलेलीच्या बिया आत खुळखुळतात. वजन वाढावे म्हणून पाणी मारलेली मिरची मऊ असते, मुठीत दाबली तर मोडत नाही, वाकते. देठ काढलेली मिरची महाग पडते. देठासकट घ्यावी आणि दोन संध्याकाळी कट्ट्यावर बसून सर्वांनी मिळून देठ काढावेत. देठ आणि वाळणे मिळून किलोमागे शंभर-दीडशे ग्रॅम घट धरून चालावी, म्हणजे डंकावर (कुटायच्या यंत्रावर) गेल्यावर ‘कमी कशी भरली’ हा प्रश्न उरत नाही.

प्रमाण घरोघरी बदलते. तरी रंगाला ब्याडगी ६०० ग्रॅम, तिखटाला संकेश्वरी ४०० ग्रॅम, अशा किलोभर मिरचीला कांदा एक किलो, लसूण आणि सुके खोबरे पाव-पाव किलो, धने २०० ग्रॅम, तीळ आणि खडा मसाला शंभर-शंभर ग्रॅम, भाजलेले मीठ ३०० ग्रॅम हे धरून सुरुवात करायला हरकत नाही. चटणी बिघडते ती कांद्यामुळे. उभा पातळ चिरून दोन उन्हे दाखवायची आणि मग कुरकुरीत तळायचा. किलोभर ओला कांदा असा झाला की पाव किलोही उरत नाही. उरला तर समजावे, पाणी आत आहे, आणि बरणीला आषाढात बुरशी येणार. डंकावर लसूण शेवटी घालायला सांगावे. कुटलेली चटणी गरम असते. ती घरी आणून परातीत पसरावी, गार झाली की बरणीत दाबून भरावी आणि वर हिंगाचा खडा ठेवावा.

आता पैसे, कारण बहुतेक गट मोडतात ते इथेच. नियम एकच: खरेदीच्या दोन दिवस आधी ज्याचे पैसे आले त्याचेच धान्य येईल. पण मग ज्या घरात एप्रिलमध्ये पाच हजार एकरकमी नसतात, ते घर बाहेर पडते आणि वर्षभर दुकानाच्या उधारीवर महाग घेत राहते. गरज खरी तर त्यांनाच जास्त. अशांसाठी दोन वाटा आहेत. एक भिशीची. लकी ड्रॉची भिशी न लावता महिना ५०० रुपये सरळ धान्यासाठी बाजूला टाकावेत, पुढच्या एप्रिलला घरटी ६,००० होतात. दुसरी बचत गटाच्या कर्जाची. इथे नीट आकडेमोड करावी. ५,००० रुपये दरमहा २ टक्क्यांनी घेऊन मुद्दलाच्या दहा समान हप्त्यांत फेडले, तर उरलेल्या रकमेवर मोजलेले व्याज ५५० रुपये होते. तेच मूळ रकमेवर मोजले तर १,०००. एकत्र खरेदीत ५,००० मागे समजा ७५० रुपये सुटले, तर पहिल्या प्रकारात हाती २०० उरतात आणि दुसऱ्यात २५० रुपये पदरचे जातात. म्हणून धान्यासाठीचे कर्ज गटाने एक टक्क्याने द्यावे, व्याज २७५ होते आणि खरेदीला अर्थ राहतो.

गटाने एक ५० किलोचा लटकता काटा जरूर घ्यावा. घरटी फार पैसे पडत नाहीत आणि धान्याशिवाय त्याचा उपयोग गॅसला होतो. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन तिच्यावर कोरलेले असते. ते १५.३ असेल तर भरलेली टाकी २९.५ किलो भरली पाहिजे. टाकी घेऊन येणारा उभा असतानाच ती टांगावी.

विजेबाबत एवढेच, की शंभराच्या वर एक युनिट गेले म्हणजे सगळे बिल वाढीव दराने येते हा समज खोटा आहे. वाढीव दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. त्यामुळे वाचवलेले युनिट नेहमी महागातले असते. ७५ वॉटचा जुना पंखा काढून ३० वॉटचा लावला आणि तो रोज बारा तास चालला, तर महिन्याला १६ युनिटे कमी होतात. शिडी, ड्रिल, शेवयांचा साचा या वस्तू गल्लीत एक-एक असल्या तरी पुरतात. नेणाऱ्याचे नाव वहीत असले म्हणजे झाले.

तालमींना आणि मंडळांना एक विनंती. वाटणीला जागा लागते, तीही छताची. चैत्र-वैशाखात दोन दिवस हॉल आणि मोठी पातेली, ताडपत्र्या गल्लीसाठी द्याव्यात. होळी लहान करून पंचगंगा स्मशानभूमीला शेणी (गोवऱ्या) देण्याची चाल या शहराने लावून घेतली, तिथे हे अवघड नाही.

आणि एक विनंती आपणास. बाजारभाव छापताना ठोक भाव क्विंटलमध्ये आणि किरकोळ किलोत असतो, त्यामुळे फरक डोळ्यांत भरत नाही. मार्च ते मे या तीन महिन्यांत गहू, शाळू, तूरडाळ, ब्याडगी, संकेश्वरी आणि तेलाचा १५ किलोचा डबा, एवढ्या सहा जिनसांचे दोन्ही भाव किलोत शेजारी-शेजारी द्यावेत. शनिवारच्या अंकात दिले तर फार बरे. रविवारी लक्ष्मीपुरीत बाजार असतो.

कळावे,
सामुदायिक खरेदीचा हिशेब ठेवणाऱ्या काही गृहिणी,
मंगळवार पेठ, कोल्हापूर