लायब्ररीजवळच्या बागेचा इतिहास कुणीतरी लिहून ठेवा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार,

परवा बऱ्याच वर्षांनी शिवाजी विद्यापीठात गेले, बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाजवळच्या झाडाखाली जरा टेकले आणि जुनं सगळं आठवलं, प्राध्यापकपदासाठीच्या सेट परीक्षेचा अभ्यास, शेअर केलेला डबा, पुस्तक मांडीवर घेऊन लागलेली डुलकी. आता तिथं बसणाऱ्या पोरांना वाटत असेल ही सावली पहिल्यापासूनच होती, पण 18 नोव्हेंबर 1962 ला डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते विद्यापीठ सुरू झालं तेव्हा हा नुसता सागरमाळ नावाचा उजाड माळ होता, मुरूम, कुसळं आणि भन्नाट वारा. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार यांनी या साडेआठशे एकरांवर विद्यापीठ उभं केलं, आणि माळावर झाड जगवायचं म्हणजे पाण्याचा प्रश्न आधी, पावसाचं पाणी उताराला लागून निघून जातं, ते तळ्यात अडवलं तरच उन्हाळा निभतो. वनस्पतीशास्त्र विभागाच्या बागेत तर सह्याद्रीतली दुर्मिळ कंदीलपुष्पंसुद्धा (कंदिलासारखी फुलं येणाऱ्या वनस्पती) जपलीत, केवढी मोठी गोष्ट आहे ही!

पण लायब्ररीच्या आसपासचं कुठलं झाड कधी लावलं, कुणी पाणी घातलं, हे सांगणारे जुने माळी, शिपाई, ग्रंथालयातले कर्मचारी आता थकलेत. त्यांच्या आठवणी आत्ताच रेकॉर्ड करून घ्याव्यात, जुने फोटो गोळा करावेत आणि झाडांवर नाव, लागवडीचं साल अशी साधी पाटी लावावी ही मनापासून विनंती. माझ्याकडचे फोटो मी द्यायला तयार आहे.

– एक माजी विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर