रोपलावणीआधी एवढी पेटी भरू या : युवक मंडळाचे आवाहन

ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि कामासाठी गोवा, पुणे, मुंबईला असलेल्या गावकऱ्यांनो, सप्रेम नमस्कार.

गेल्या रोपलावणीत आपल्या एका काकूंच्या पायात काच घुसली. हळद भरली, फडकं बांधलं आणि त्या परत चिखलात उतरल्या. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला, तो गोळीवर काढला. पाचव्या दिवशी त्या असंबद्ध बोलू लागल्या. कुणी म्हणालं, बाहेरचं लागलंय. त्यातच दुपार गेली. भर पावसात गाडी मिळून बेळगाव गाठेपर्यंत रात्र झाली. काकू परत आल्या नाहीत.

डॉक्टरांनी सांगितलं, सेप्सिस. जंतूंशी लढता लढता शरीराचा तोल सुटतो, रक्तदाब खचतो आणि मूत्रपिंड, फुप्फुसं, मेंदू निकामी होऊ लागतात. त्याला जखमच लागते असंही नाही. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, बाळंतिणीचा ताप, शुगर असलेल्याच्या पायाचा फोड, कशातूनही तो होतो. शिरेतून अँटिबायोटिक, सलाईन, गरज पडली तर ऑक्सिजन, आणि पू साठला असेल तर तो काढणं, हे उपचार आहेत. पण रक्तदाब खचलेल्या रोग्याला अँटिबायोटिक तासाभरात सुरू व्हायला हवं. खानापूरच्या या जंगलपट्ट्यात तो तास रस्त्यातच संपतो.

म्हणून दवाखान्याच्या बिलासाठी नव्हे, त्या आधीच्या वेळेसाठी आम्ही हात पसरतोय. आशाताईंकडे ठेवायच्या पेटीत ५ थर्मामीटर, रक्तातला ऑक्सिजन मोजणारे ५ पल्स ऑक्सिमीटर आणि रक्तदाब मोजायची २ यंत्रं हवीत. १०८ला फोन लावायचाच. पण ती गाडी लांब असेल तर रोग्याला न्यायला गावातल्या जीपच्या डिझेलचा निधी हवा. रात्री-अपरात्री उठणारे ४ चालकही हवेत, आणि हे पैशापेक्षा अवघड आहे याची आम्हाला जाणीव आहे.

तापाबरोबर धाप लागली, लघवी कमी झाली, अंग गार पडलं किंवा माणूस बरळू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. उरलेल्या जुन्या अँटिबायोटिकच्या गोळ्या देऊन दिवस काढू नका.

देणगी दर रविवारी सकाळी मारुतीच्या देवळात स्वीकारली जाईल, पावती मिळेल. पैसे नसतील तर वस्तू द्या, तेही नसेल तर चालकांच्या यादीत नाव घाला. खर्चाचा हिशेब देवळाच्या फळ्यावर लावू. मिरगाच्या आधी पेटी आशाताईंच्या घरी पोचली पाहिजे.

आपले,
युवक मंडळ व महिला मंडळ