एकोणसत्तर ट्राय आणि काकांची वही

तीर्थस्वरूप काका यांस,
साष्टांग नमस्कार.

आपल्या मंडळींच्या दिवाळी अंकात जपानचे रग्बीपटू दाइसुके ओहाता यांच्या विक्रमावरचा माझा लेख छापून आला आणि तो वाचून अनेकांनी माझे कौतुक केले. लेखाच्या शेवटी आपले नाव घालू देण्यास आपण ठाम नकार दिलात. त्या नकाराचा मान राखून याही पत्रात मी नाव लिहिलेले नाही. परंतु त्या लेखात जे काही धड उतरले आहे ते कोणामुळे, हे चारचौघांत सांगितल्यावाचून मला राहवत नाही, म्हणून हे उघड पत्र.

मी पहिल्यांदा लिहिलेला मसुदा आपल्याला आठवत असेल. रग्बी युनियनच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत, म्हणजेच कसोटींत, सर्वाधिक ट्राय (प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू जमिनीला टेकवून मिळवलेले गुण) करण्याचा विक्रम जपानच्या ओहाता यांच्या नावावर आहे, 58 कसोटींत 69 ट्राय, हे त्यात पहिल्याच ओळीत होते. पण दुसऱ्या ओळीपासून मी तो विक्रम कमी लेखण्याच्या मागे लागलो होतो. त्यातले पुष्कळ ट्राय आशियातल्या दुबळ्या संघांविरुद्धचे आहेत, तेव्हा खरा मान 124 कसोटींत 67 ट्राय करणाऱ्या दक्षिण आफ्रिकेच्या ब्रायन हबाना यांना किंवा 101 कसोटींत 64 ट्राय करणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड कॅम्पीसी यांना द्यायला हवा, असा माझा सूर होता. हे मत माझे नव्हतेच; ठिकठिकाणी वाचलेले मी उचलून ठेवले होते. आपण मसुदा वाचून रागावला नाहीत. फोनवर एवढेच विचारलेत, "ओहाताने कोणाशी खेळायचे, हे ओहाता ठरवत होता का?" आणि रविवारी कोबेला जेवायला बोलावलेत.

त्या दुपारी आपण माझ्यापुढे ठेवलेली वही मी अजून विसरलेलो नाही. तारीख, प्रतिस्पर्धी, मैदान, निकाल आणि ट्राय असे रकाने आखून आपण ओहाता यांची प्रत्येक कसोटी तीत नोंदवली आहे. पहिली नोंद नोव्हेंबर 1996 ची, दक्षिण कोरियाविरुद्ध पदार्पणातच 3 ट्राय. ओसाकात जन्मलेला तो मुलगा तेव्हा एकविशी पुरी करण्याच्या बेतात होता. वही का सुरू केलीत असे विचारल्यावर आपण आधी 1995 च्या जानेवारीबद्दल बोललात. कोबे स्टील या कंपनीच्या रग्बी संघाने 15 तारखेला सलग सातव्यांदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि 17 तारखेच्या पहाटे भूकंपाने शहर कोसळले, या दोन दिवसांच्या अंतराबद्दल बोलताना आपला आवाज बदलला होता. ओहाता 1998 मध्ये त्याच संघात दाखल झाले, आणि मोडलेल्या घराची डागडुजी करणाऱ्या माणसाला आपल्या गावचा संघ पुन्हा उभा राहताना बघून जे वाटते, ते वाटून आपण मागच्या नोंदीही शोधून काढल्यात. मला तोवर ओहाता म्हणजे यादीतले एक नाव होते.

मग आपण मला हिशेब करायला लावलात. जुलै 2002 मध्ये जपानने चिनी तैपेईला (म्हणजे तैवानच्या संघाला) 155–3 असे हरवले, त्या एका सामन्यात ओहाता यांचे 8 ट्राय होते. टीकाकारांचे सर्वात लाडके उदाहरण हेच. "तो सामना काढूनच टाक," असे आपण म्हणालात. काढल्यावर 57 कसोटींत 61 ट्राय उरले, म्हणजे तरीही सामन्यामागे एकाहून अधिक. कॅम्पीसी आणि हबाना हे दोघेही थोर विंगर (मैदानाच्या कडेने धावणारे वेगवान खेळाडू), पण दोघांचीही सरासरी दर दोन सामन्यांमागे एक ट्रायच्या जरा वरच राहते. आणि लगेच आपण वहीच्या मागच्या पानावर चिकटवलेले जुने कात्रण दाखवलेत: जून 1995, विश्वचषक, ब्लोमफाँटेन, न्यूझीलंड 145, जपान 17. त्या दिवशी मार्क एलिस यांनी जपानविरुद्ध 6 ट्राय केले आणि ते विश्वचषकातल्या एका सामन्यातला विक्रम म्हणून आदराने नोंदले गेले. बलाढ्य संघाच्या खेळाडूने जपानला झोडपले तर तो पराक्रम, आणि जपानच्या खेळाडूने तैपेईला झोडपले तर ती सोपी कमाई, हा न्याय मला कधी खटकलाच नव्हता. हबाना यांच्या 67 मध्येही अमेरिका आणि सामोआ यांच्याविरुद्धचे ट्राय आहेत, हे त्यांचा काडीचाही अपमान न करता सांगता येते, हे मी आपल्याकडून शिकलो.

कोणता सामना कसोटी मानायचा आणि कोणत्या सामन्यासाठी खेळाडूला कॅप (देशाकडून कसोटी खेळल्याची अधिकृत नोंद) द्यायची, हे ज्या त्या देशाची संघटना ठरवते, ही गोष्टही मला आपणच समजावून दिलीत. मोठे देश वर्षानुवर्षे आपसातच खेळत राहिले. जपानसारख्या देशाला विश्वचषकाबाहेर त्यांच्याशी कसोटी क्वचितच मिळे. जी दारे बंद होती ती उघडणे एका विंगरच्या हाती नव्हते. जे मैदान मिळाले त्यात धावणे तेवढे होते. आणि दार उघडले तेव्हा काय झाले, तेही वहीत आहे. 1999 च्या विश्वचषकात कार्डिफला वेल्सविरुद्ध ट्राय, 2003 मध्ये टाउन्सव्हिलला फ्रान्सविरुद्ध ट्राय. दोन्ही सामने जपान हरला. त्या दोन ओळींखाली आपण पेन्सिलने रेघ ओढली आहे.

स्कॉटलंडच्या इयन स्मिथ यांचा 24 ट्रायचा विक्रम 1933 पासून टिकून होता आणि तो 1987 मध्ये कॅम्पीसी यांनी मोडला, हा भाग मी लेखात दोन वाक्यांत आटोपला. आपल्याला तो थोडा अधिक हवा होता, हे मला ठाऊक आहे; जागा उरली नव्हती.

पण सर्वात मोठे ऋण हानाझोनो मैदानावरच्या त्या भेटीचे आहे. गुडघे दुखत असताना आपण माझ्यासोबत किंतेत्सु रेल्वेने हिगाशी-ओसाकापर्यंत आलात. 1929 साली बांधलेले, खास रग्बीसाठीचे जपानमधले ते पहिले मैदान, जिथे दर वर्षअखेरीस शाळकरी मुलांची राष्ट्रीय स्पर्धा रंगते, ते मी आगगाडीच्या खिडकीतूनही कधी नीट पाहिले नव्हते. 14 मे 2006 रोजी आपण कुठे बसला होता ती जागा आपण दाखवलीत. जॉर्जियाविरुद्धच्या त्या सामन्याआधी ओहाता यांचे 62 ट्राय होते. जॉर्जियाचा संघ लेचापेचा नव्हता, त्यांच्या धिप्पाड फॉरवर्डांचा (आघाडीच्या फळीतल्या खेळाडूंचा) दबदबा तेव्हाही होता, हे आपण मला दोनदा बजावलेत. जपानने तो सामना 32–7 असा जिंकला आणि ओहाता यांनी 3 ट्राय करून कॅम्पीसी यांना मागे टाकले, 65. हे आकडे कुठेही सापडले असते. पण ज्या शहरात ते जन्मले, त्याच शहराच्या शेजारी, आपल्याच माणसांसमोर तो चेंडू जमिनीला टेकला, याचा अर्थ त्या रिकाम्या बाकांवर आपल्या शेजारी बसल्यावाचून मला उमगला नसता.

चेंडू "टेकवला" हा शब्दही आपलाच. मी मसुद्यात सगळीकडे "गोल केला" असे लिहिले होते. गोलरेषा ओलांडून नुसते पळून जाणे पुरेसे नाही, चेंडू जमिनीला टेकवावा लागतो. रेषेला स्पर्श करणाऱ्या कबड्डीपटूची आठवण करून दिली की मराठी वाचकाला ते चटकन कळेल, असे आपण सुचवलेत. तसेच झाले. पुण्याहून माझ्या आत्याने फोन करून सांगितले की तिला ट्राय म्हणजे काय ते पहिल्यांदाच समजले.

2007 चे पान मात्र आपण मला एकट्याला वाचू दिलेत. जानेवारीत ओहाता यांच्या एका पायाची टाचेमागची कंडरा (अकिलीस टेंडन) तुटली, त्यातून सावरून ते परतले, आणि ऑगस्टमध्ये पोर्तुगालविरुद्धच्या सराव सामन्यात दुसऱ्या पायाची. विश्वचषक हुकला. आकडा 69 वर थांबला तो थांबलाच, आणि पुढे 2011 पर्यंत कोबेकडून खेळूनही कसोटीतला सत्तरावा ट्राय झाला नाही. 2016 मध्ये जागतिक रग्बीच्या हॉल ऑफ फेममध्ये त्यांचे नाव आले, ती शेवटची नोंद आपण शाईने केली आहे.

आपली वही कापडात गुंडाळून माझ्या कपाटात ठेवली आहे. पुढच्या रविवारी ती आणि अंकाच्या दोन प्रती घेऊन मी कोबेला येतो. एक प्रत काकूंसाठी आहे, कारण त्या दुपारी त्यांनी आमटी तीनदा गरम केली आणि आपल्या दोघांचे बोलणे एकदाही तोडले नाही. इयन स्मिथ यांच्याविषयी मी कापलेला मजकूर वेगळ्या कागदावर लिहून आणत आहे. तो आपण तपासून द्यावा, ही विनंती.

आपला कृतज्ञ,
ओसाकातला पुतण्या