रंगीत काचेचे छंदकाम: यादी ठीक, क्रम उलटा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत रंगीत काचेच्या, म्हणजे स्टेन्ड ग्लासच्या, छंदकामासाठी लागणाऱ्या साहित्याची यादी प्रसिद्ध झाली, ती मी लक्षपूर्वक वाचली. यादीतील बहुतेक वस्तू योग्य आहेत. मात्र तिच्यात काचेच्या कडा घासायचे विजेचे ग्राइंडर पहिल्या क्रमांकावर आहे, काच कापायचे कटर मध्येच कुठेतरी आहे आणि शिशाबद्दलची सूचना अगदी शेवटी ‘मास्क लावावा’ एवढ्या दोन शब्दांत उरकली आहे. गेली बारा वर्षे मी हे काम छंद म्हणून करते. नवशिक्याने या क्रमाने खरेदी केली तर खर्च होईल, पण हात तयार होणार नाही, असे माझे मत आहे. त्यामुळे तीच यादी मी शेवटाकडून सुरुवातीकडे वाचणार आहे.

प्रथम शिसे. काचेचे तुकडे जोडण्यासाठी वापरले जाणारे नेहमीचे सोल्डर हे कथिल आणि शिसे यांचे मिश्रण असते, आणि जुन्या पद्धतीच्या कामात तुकडे बसवण्याच्या पट्ट्याही शिशाच्याच असतात. सोल्डरिंगच्या तापमानाला शिशाची वाफ नगण्य असते. शिसे उकळायला सुमारे १७५० अंश सेल्सिअस तापमान लागते, तर सोल्डर वितळवणाऱ्या आपल्या हत्याराचे टोक ४०० अंशांच्या आसपास असते. काम करताना जो धूर दिसतो, तो फ्लक्सचा, म्हणजे सोल्डर धातूला नीट धरावे म्हणून आधी लावायच्या रसायनाचा असतो. तो घसा आणि डोळे चुरचुरवतो, आणि साधा धुळीचा मास्क तो अडवू शकत नाही. त्यासाठी उघडी खिडकी आणि धूर तोंडापासून दूर बाहेर ओढणारा पंखा हवा. शिसे शरीरात जाते ते प्रामुख्याने हातांवाटे, म्हणजे सोल्डरची तार हाताळून त्याच बोटांनी काही खाल्ल्यामुळे किंवा टेबलावरचा चुरा तोंडापर्यंत पोचल्यामुळे. त्यामुळे कामाचे टेबल वेगळे असावे, तिथे खाणेपिणे नसावे, चुरा कोरडा न झाडता ओल्या फडक्याने पुसावा आणि काम संपताच हात साबणाने घासून धुवावेत. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले आहे. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांनी तर या टेबलापासून लांबच राहावे. सतत हाताळल्या जाणाऱ्या किंवा अंगावर घालायच्या वस्तूंसाठी शिसेविरहित सोल्डर मिळते. त्याला उष्णता थोडी जास्त लागते आणि त्याचा थर तितका गुळगुळीत बसत नाही, पण त्याला माझा इलाज नाही. मास्कसंबंधीची ओळ तेवढी आपण पुढील अंकात दुरुस्त करावी, अशी विनंती आहे.

सोल्डरविषयी बोलतेच आहे, तर त्याच्या निवडीबद्दलही लिहिते. विद्युत जोडण्यांसाठी मिळणारी, पोटात राळ भरलेली तार या कामाला चालत नाही. माझे पहिले रीळ तेच निघाले. काचेवर तपकिरी चिकट डाग पडत राहिले आणि दोष माझ्या हाताचा आहे असे मी आठवडाभर समजत होते. या कामाला भरीव तार हवी. तांब्याच्या पट्टीच्या कामासाठी, म्हणजे प्रत्येक तुकड्याच्या कडेला तांब्याची पट्टी चिकटवून मग तुकडे सोल्डरने जोडायच्या कामासाठी, ६० भाग कथिल आणि ४० भाग शिसे असे प्रमाण सोयीचे पडते, कारण ते १८३ ते १९० अंशांच्या अरुंद पट्ट्यात वितळते आणि लगेच थिजते, त्यामुळे सांध्यावर गोलसर उंचवटा सुबक बसतो. सम प्रमाणातील सोल्डर जास्त वेळ मऊ राहते. ते मागील बाजूच्या भरणीला वापरायला हरकत नाही. हत्यार ८० ते १०० वॅटचे आणि तापमान नियंत्रित करता येणारे घ्यावे. लहान विद्युतजोडण्यांसाठीचे २५ वॅटचे हत्यार सांध्यावर टेकताच थंड पडते, आणि मग सोल्डर वाहण्याऐवजी गुठळ्या धरते. यादीत नसलेली एक स्वस्त वस्तू म्हणजे नवसागराची वडी. तापलेले टोक तिच्यावर घासले की काजळी जाते आणि टोकावर कथिलाची कल्हई टिकून राहते. काळवंडलेल्या टोकाने उष्णता पुढे जात नाही. सांध्यांना गडद रंग देणारे पॅटिना मात्र हातमोज्यांशिवाय हाताळू नये. तांबूस छटेच्या पॅटिनात मोरचूद असते, तर काळ्या रंगाच्या पॅटिनात बहुधा सेलेनियमची संयुगे असतात.

पट्टीच्या पद्धतीची निवड खरेदीपूर्वीच झाली पाहिजे, कारण पुढची अनेक हत्यारे तिच्यावर ठरतात. शिशाची पट्टी ही शतकानुशतके चालत आलेली रीत आहे. या पट्टीला केम म्हणतात. तिचा छेद इंग्रजी एच अक्षरासारखा असतो आणि काच दोन्ही बाजूंच्या खोबणीत बसते. तिला वापरण्यापूर्वी ओढून ताठ करावे लागते, तुकडे जागेवर धरायला नालाचे खिळे लागतात, आणि शेवटी खडूची पूड व जवसाचे तेल यांचा लगदा खोबणीत भरावा लागतो. तांब्याच्या पातळ चिकट पट्टीची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रुळली. अमेरिकन काचकलाकार लुई कम्फर्ट टिफनी यांच्या रंगीत काचेच्या दिव्यांमुळे ती जगभर ओळखीची झाली. बारीक तुकडे आणि वळणदार छत्र्या तिच्यात शक्य होतात, आणि साहित्यही थोडे लागते; घरच्या टेबलावर सुरुवात करणाऱ्याला मी हीच सुचवीन. तीन मिलिमीटर जाडीच्या काचेला सुमारे साडेपाच मिलिमीटर रुंदीची पट्टी घेतली तर दोन्ही अंगांना सव्वा मिलिमीटर कड मिळते, आणि ती पुरेशी असते. यादीत अजिबात नसलेले हत्यार म्हणजे नमुना कापायची तीन पात्यांची कात्री. ती कागदाच्या दोन तुकड्यांमधून पट्टीच्या जाडीइतकी चीर काढून टाकते: तांब्यासाठी सुमारे ०.८ मिलिमीटर, शिशासाठी त्याच्या दुप्पट. ही जागा सोडली नाही तर ओळीत वीस तुकडे असलेली चौकट तांब्याच्या कामातही सुमारे १५ मिलिमीटर वाढते आणि कडेचा तुकडा बसतच नाही. कात्री नसेल तर रेघेच्या आतून कापण्याची सवय लावून घेता येते, पण ती सवय लागायला वेळ जातो.

आता काच. सरावासाठी खिडकीची साधी तीन मिलिमीटरची काच उत्तम. मात्र टणक केलेली, म्हणजे टेम्पर्ड काच चुकूनही घेऊ नये, कारण ती कापायला जाताच तिचा चुरा होतो. रंगीत काचेत पारदर्शक एकरंगी ‘कॅथीड्रल’ काच कापायला सोपी, तर दुधाळ ‘ओपलेसेंट’ काच जास्त हट्टी असते. काच निवडताना ती उजेडासमोर धरावी, आणि दुधाळ काच असेल तर उजेडाकडे पाठ करूनही पाहावी. दिवा विझल्यावर ती कशी दिसेल हे तेव्हाच कळते. एका बाजूला पोत असेल तर रेघ गुळगुळीत बाजूने ओढावी. एकाच रंगाचे दोन तक्ते क्वचितच हुबेहूब सारखे निघतात, म्हणून कामाला लागेल त्याहून थोडी जास्त काच एकाच वेळी घ्यावी. गुलाबी आणि माणकासारखी लाल काच इतर रंगांपेक्षा महाग का, असे नवशिके विचारतात: त्यांतील काही छटा सोन्याच्या अत्यल्प अंशामुळे येतात. निळा रंग कोबाल्टचा, हिरवट निळा तांब्याचा. काचेच्या अंगात मुरवलेला डाग म्हणजे ‘स्टेन’ या शब्दाला खरा पात्र असलेला रंग मात्र मुख्यतः चांदीच्या क्षारांचा पिवळा, जो चौदाव्या शतकाच्या आरंभापासून काचेवर लावून भट्टीत पक्का केला जाऊ लागला. बाकी बहुतेक रंग काच वितळलेली असतानाच तिच्यात मिसळलेले असतात.

आणि कटर, ज्याला यादीत खरे तर पहिले स्थान हवे होते. कटर काच कापत नाही. त्याचे चाक पृष्ठभागावर बारीक रेघ ओढते, त्या रेघेखाली सूक्ष्म तडा तयार होतो आणि दोन्ही बाजूंनी वाक दिला की तो तडा रेघेच्या वाटेने आरपार जातो. नवशिका चाकावर अंगातले सगळे बळ टाकतो. रेघ पांढरट, भुसभुशीत दिसली आणि तिच्या कडेला कण उडाले की दाब जास्त झाला असे समजावे. योग्य रेघ जेमतेम दिसते, पण तिचा आवाज कापड फाडल्यासारखा सलग येतो. रेघ एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता ओढावी आणि काच लगेच मोडावी. त्याच रेघेवरून चाक पुन्हा फिरवले तर तडा भरकटतो आणि चाकही खराब होते. टंगस्टन कार्बाइडचे चाक आणि दांड्यात तेल भरण्याची सोय असलेले कटर साध्या पोलादी चाकाच्या कटरपेक्षा पुष्कळ वर्षे टिकते, म्हणून काटकसर करायची ती इथे करू नये. सोबत दोन पकडी हव्यात: रेघ उघडणारी रनिंग पक्कड आणि कडेचे अणकुचीदार तुकडे कुरतडून काढणारी ग्रोझिंग पक्कड. खोलगट वळण एका रेघेत निघत नाही. चंद्रकोरीसारखे तुकडे टप्प्याटप्प्याने काढत आत जावे लागते. डोळ्यांवर चष्मा पहिल्या रेघेपासून हवा, याविषयी दुमत नसावे.

टांगायच्या कड्यांबद्दल यादी काहीच सांगत नाही. माझी पहिली चौकट तीन दिवस खिडकीत लटकली आणि चौथ्या दिवशी फरशीवर आली, कारण कडी मी कडेच्या नुसत्या तांब्याच्या पट्टीवर डाखली होती; पट्टी काचेला फक्त गोंदाने धरून असते आणि वजन आले की सोलून निघते. कडी नेहमी आत जाणाऱ्या सांध्याच्या टोकाशी डाखावी, आणि मोठ्या कामाला बाहेरून जस्ताची चौकट द्यावी.

उरले ग्राइंडर. ते निरुपयोगी मुळीच नाही: हिऱ्याच्या कणांचा त्याचा फिरता खुंट खोल वळणे नेमकी बसवतो, आणि किंचित खरबरीत झालेल्या कडेवर तांब्याची पट्टी अधिक घट्ट चिकटते. त्याच्या टाकीत पाणी आणि खुंटाला टेकलेला ओला स्पंज असलाच पाहिजे, नाहीतर काचेची धूळ हवेत उडते. परंतु पहिल्याच दिवशी ते हाताशी असले की वाकडी रेघ घासून सरळ करण्याची सवय लागते, आणि रेघ कायम वाकडीच राहते. कडेची धार बोथट करायला कार्बोरंडमचा दगड पाण्यात भिजवून वापरला तरी भागते. मी ग्राइंडर घेतले ते चौथ्या वर्षी, आणि तोपर्यंत त्याच्यासाठी फारसे काम उरले नव्हते.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक