खेळातल्या बेड्या

मालवण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

आपल्या अंतराळयानाच्या फाशांच्या खेळात गेल्या डावात यानाला भोक पडलं, वीज गेली, आपण सगळे सुटकेच्या यानात चढलो आणि तो कैदी भिंतीला जखडलेला तसाच राहिला. फासे पडले, तू ‘मेला’ म्हणालास, आपण पुढे गेलो. मला त्या रात्री झोप नाही. ती बेडी मीच लिहिली होती ना!

म्हणून खेळातल्या बेड्यांची सगळी यादी नव्याने लिहायला घेतली आहे.

आधी मनगटपट्टा. आत तेल, तेलात लोखंडाची बारीक भुकटी. चुंबकक्षेत्र आलं की कण रांगेत उभे राहतात आणि ते तेल काही मिलिसेकंदांत घट्ट होतं. क्षेत्र गेलं की पुन्हा पातळ. काही गाड्यांच्या शॉक अॅब्सॉर्बरमध्ये आजही हे असतं. प्रश्न एवढाच, वीज गेली की पट्टा सुटायचा की आवळलेला राहायचा? वीजचुंबक ठेवला तर सुटतो. कायमचा चुंबक बसवला आणि त्याचा जोर मोडायला वीज लागेल असं केलं, तर आवळलेला राहतो. मी मागे दुसरा प्रकार घेतला, कारण कैदी पळू नये एवढंच डोक्यात होतं. आता पहिला. पळाला तर पुढच्या डावात पकडू.

काल बाजारात मावशी कुर्ल्या बांधत होती. एका हाताने पाठ दाबून धरायची, सुंभाचे दोन फेरे डेंग्यांभोवती, म्हणजे नांग्यांभोवती, वर गाठ. चालायचे पाय मोकळेच. मी विचारलं तर म्हणाली, ‘पाय कित्याक बांधूचे? डेंगे बांधले की झाला.’ मी उभ्या उभ्या वहीत लिहून घेतलं. आपल्या चार हातांच्या परग्रहवासीयाला आपण नखशिखांत गुंडाळत होतो! ज्या अवयवाचा धोका, तेवढाच बांधायचा. छाती आणि नाक कधीच नाही. हात मागे बांधून पालथं पाडलेल्या माणसाचा श्वास खरोखर कोंडू शकतो, तेव्हा खेळातही त्याला लगेच कुशीवर वळवायला हवं.

साध्या हातकडीतही एक गोष्ट आहे. तिचे दाते आवळत जातात, म्हणून एक बारीक खिळ दाबून त्यांना तिथेच थांबवायचं असतं. विसरलं तर मनगटाची नस दबते आणि अंगठ्याची पाठ बधिर होते. आपल्या पट्ट्यालाही तशी खिळ दिली आहे. खेळाडू विसरला तर दर तासाला कैद्याचा एक फासा कमी.

झटका देणारी गळपट्टी काढून टाकली. वेदना देणं म्हणजे बांधणं नव्हे.

आणखी एक नियम. सर्वोच्च न्यायालयाने 1980 साली सांगितलं की सरसकट हातकडी नको, घातली तर कारण नोंदवा. आपणही तसंच करू. कारण मोठ्याने सांगितल्याशिवाय पट्टा आवळायचा नाही.

थिबा राजा आठवतो ना? इंग्रजांनी ब्रह्मदेशातून आणून 1886 पासून रत्नागिरीत ठेवलेला, 1910 साली राजवाडा बांधून दिला, 1916 साली तिथेच गेला. पायात बेडी नव्हती, देश मात्र समुद्रापलीकडे. ‘हद्द’ नावाची शिक्षा मी त्यावरून घेतली आहे.

शनिवारी आलास की तो प्रसंग पुन्हा खेळू या. वीज गेल्यावर पट्टा सुटेल, पण कोठडीचं दार उघडायला कोणीतरी मागे फिरायला हवं. मी फिरणार आहे. फासे तू टाक.

तुझा,
मित्र