विषय: वेबसाइट हलवताना संपूर्ण मराठी मजकूर नष्ट केल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आज सकाळी तुमच्या माणसाने पाचव्यांदा तेच उत्तर देऊन फोन ठेवला, म्हणून हे पत्र.

तीन वर्षांच्या होस्टिंगचे पैसे मी एकरकमी भरले, कारण जुन्या सर्व्हरवरची वेबसाइट तुम्ही स्वतः हलवून देणार होता. साइट छोटीच आहे. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, फोंड्यात आमच्या वाड्यावर घुमट, शामेळ आणि कासाळे या वाद्यांच्या साथीने म्हणतात त्या 43 आरत्या वडिलांच्या वहीतून मी तिच्यावर उतरवल्या आहेत. वहीची पाने आता हात लावला की तुटतात. चाल कुठे बदलते, कुठले कडवे दोनदा घ्यायचे, हे वहीत नव्हतेच. वडिलांच्या बरोबरीच्या दोघांना विचारून विचारून ते लिहिले. त्यांतले एक आता नाहीत.

'काम पूर्ण झाले, जुने खाते बंद करू शकता,' असा तुमचा मेल आला. नेमसर्व्हर (साइटचे नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचे ते सांगणारी नोंद) बदलून साइट उघडत होती, फोटो दिसत होते, म्हणून मी त्यावर विश्वास ठेवून खाते बंद केले. मग आरत्यांची पाने उघडली. आकडे होते, इंग्रजी शब्द होते. देवनागरीच्या जागी ओळीच्या ओळी नुसती प्रश्नचिन्हे.

कारण तुम्हाला ठाऊक असणारच. जुना डेटाबेस यूटीएफ8एमबी4 मध्ये, म्हणजे देवनागरीसह सगळ्या लिप्या मावतात अशा अक्षरपद्धतीत होता. तुमच्या सर्व्हरवरच्या डेटाबेस टेबलांचे कोलेशन, म्हणजे अक्षरांची सेटिंग, 'लॅटिन1 स्वीडिश' आहे, हे मी डेटाबेस बघण्याच्या पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये पाहिले. लॅटिन-1 मध्ये देवनागरीला जागाच नाही. नुसती विचित्र अक्षरे उमटली असती तर ती उलट फिरवून मजकूर मिळाला असता. प्रश्नचिन्हातून काहीच परत मिळत नाही.

हेच मी आज फोनवर सांगत होतो. तुमचा माणूस म्हणाला, "सर, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हिंदी फॉन्ट नाही." याच कॉम्प्युटरवर मी रोज मराठी पेपर वाचतो, असे सांगितले. "कॅशे क्लिअर करा." केली. "दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा." बघितले. मोबाइलवरही बघितले. प्रश्नचिन्हे टेबलातच आहेत, फॉन्टचा संबंध नाही, हे तिसऱ्यांदा सांगितल्यावर तो म्हणाला, "सर, रीजनल लँग्वेजमध्ये असं होतंच. तुम्ही इंग्लिश लेटर्समध्ये लिहा ना, सगळ्यांना वाचता येईल." मी विचारले, आरत्या इंग्रजी अक्षरांत लिहू? तो म्हणाला, "हो सर, काय फरक पडतो?"

फरक पडतो. त्या अक्षरांत 'ळ' आणि 'ल' एक होतात, 'ण' आणि 'न' एक होतात. चवथीला दुबईहून येणारा माझा पुतण्या ते बघून काय म्हणणार? गोवा सरकारने 2019 मध्ये घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला. त्या घुमटावर म्हणायचे शब्द तुमच्या हातून पुसले गेले आणि तुमचा माणूस मला माझी लिपी सोडायला सांगतो. फॉन्ट माझ्याकडे आहे. पाच वेळा सांगितले आहे, फॉन्ट आहे.

मला हवी आहे ती जुन्या सर्व्हरवरून तुम्ही उतरवलेली मूळ डेटाबेस फाइल. बिघाड टेबले बनवताना झाला आहे, म्हणजे त्या फाइलमध्ये मजकूर शाबूत असणार. डेटाबेस यूटीएफ8एमबी4 करून ती फाइल पुन्हा चढवा, एवढेच. हे दोन वेळा तुमच्याकडच्या तक्रारीच्या तिकिटात लिहिले, दोन्ही तिकिटे 'सोडवले' म्हणून बंद झाली.

दोन दिवसांत फाइल मिळाली नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक आयोगातही जाईन. 2019 च्या कायद्याप्रमाणे मला ती तक्रार माझ्याच जिल्ह्यात करता येते. आमच्या भजनी मंडळाची साइटही तुमच्याकडे करायचे ठरले होते. ते मी थांबवले आहे.

मूळ फाइल 30 दिवस ठेवतो, असे तुमच्याच मेलमध्ये आहे. आज 19 वा दिवस आहे.

एक ग्राहक,
फोंडा, गोवा