पणजीची भाषा

पुएब्ला, मेक्सिको, ३ नोव्हेंबर

प्रिय सुमे,

काल पित्रं जेवून गेली आणि आज घर अगदी ओकंबोकं वाटतंय. २ नोव्हेंबरला इथे गेलेली माणसं घरी येतात. त्यांचे फोटो, पाणी, मीठ, कोपालचा धूप, आवडीचं जेवण मांडायचं आणि दारापासून तिथवर झेंडूच्या पाकळ्यांची वाट काढायची. आपण दसऱ्याला तोरणात ओवतो तो झेंडू मूळचा या मातीतला, माहीत होतं तुला? सेम्पासूचिल म्हणतात. नाहुआत्ल या इथल्या जुन्या मूळ भाषेत सेम्पोआली म्हणजे वीस, शोचित्ल म्हणजे फूल.

हे शब्द मी मुद्दाम शिकले. मागच्या वर्षी फोटो मांडताना ईराने विचारलं, "आई, पणजीला कुठल्या भाषेत हाक मारू?" तिचे बाबा गप्पच झाले. पणजी क्वेत्सालानच्या डोंगरातली, नाहुआत्ल बोलणारी. त्या बोलीपायी मुलांना शाळेत छड्या बसल्या, तेव्हा तिने ती घरातही बंद केली. नातवाला तिचा एक शब्द येत नाही गं.

तेव्हापासून लेक झोपली की मी पुस्तकं घेऊन बसते. १५२१ साली स्पॅनिशांपुढे अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडलं, तिथेच माझा इतिहास संपत होता. पण सासूबाईंचा मेताते अजून रोज चालतो. तीन पायांचा दगडी पाटाच तो. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवायचा, सकाळी चोळून सालं काढायची, मग वाटायचा. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही. मक्यावरच जगणारी गरीब माणसं तिकडे पेलाग्राने, म्हणजे नायसिनच्या कमतरतेच्या आजाराने गेली. हे वाचलं त्या सकाळी मी त्या दगडाला हात जोडले.

आणि तुमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे! क्रांतिकारक म्हणून देश सोडला आणि इथे चापिंगोच्या शेतकी विद्यालयात शिकवलं, मक्याचं संशोधन केलं. मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर चित्रकार दिएगो रिवेराने त्यांना रंगवलंय. ईरा त्या चित्रापुढून हलेना. तिची दोन्ही घरं एकाच भिंतीवर होती ना.

आता आम्ही दोघी नाहुआत्ल शिकतोय. पाणी म्हणजे आत्ल. काल पणजीपुढे पेला ठेवताना ती हळूच तेवढंच म्हणाली, आणि सासूबाई पदराने डोळे टिपावेत तसे रेबोसोने, म्हणजे इथल्या शालीने, टिपत राहिल्या.

एक काम कर. तुझ्या आईला जात्यावरच्या ओव्या येतात ना, त्या फोनवर रेकॉर्ड करून पाठव. मध्ये खोकली, विसरली, तरी काही कापू नकोस. ईराला तिच्या आवाजातच हव्यात.

तुझी,
मंजू